पायखान्यावर डकवलेला हुकूम

अर्जदार : रंगनाथ वल्द मारुती जीनगर, वय पन्नाशीच्या आसपास, धंदा अर्जनविशी, बैठक तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर निंबाखाली, राहणार कसबे बीड. सामनेवाले : महादेवप्पा आडते, लागून शेजारी, आता हयात नाहीत. तक्रारीची बाब : राहत्या घरामागील बोळ, आणि तो बोळ बंद झाल्यामुळे भरून वाहू लागलेला घरचा पायखाना. तारीख : मूळ कागदावर होती, माझ्या स्मरणात नाही, जोंधळा हुरड्यावर आला होता एवढे खात्रीपूर्वक सांगतो. साक्षीदार : आई राधाबाई, मयत, सोनाआत्या, मयत, चंदाबाई मेहतरीण, मयत, वहिनी गोदावरीबाई, हयात. वडिलांचे नाव साक्षीदारांत घातलेले नाही, कारण ते या प्रकरणात स्वतः सामील होते आणि सामील इसमाची साक्ष ग्राह्य धरीत नाहीत.

सुरुवात अशी नावनिशीवार झाली म्हणजे वाचणाऱ्या हाकिमाचे चित्त ठिकाणावर येते, हे मी माझ्या उस्तादांपासून शिकलो. माझी शाळा चौथ्या इयत्तेत सुटली, ही गोष्ट मी कोणापासून लपवीत नाही. परंतु शिकलेसवरलेले वकीलही अर्जाचा मसुदा करून घेण्यासाठी माझ्याच निंबाखाली येतात, ही गोष्टही लपविण्याचे मला कारण नाही. हजारो लोकांची गाऱ्हाणी मी लिहिली. स्वतःच्या घरचे मात्र एकच लिहिले, तेही मिसरूड फुटण्याच्या वयात, आणि त्या अर्जाचा जो निकाल लागला तो मला आजतागायत मान्य नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडीत आहे.

आमचे घर लांबट आणि अरुंद होते. पुढे ओटा, ओट्यावर वडिलांचे दुकान. वडील घोडेस्वार पोलिसांची खोगिरे शिवीत आणि फावल्या वेळी कचेरीच्या वह्यांना पुठ्ठे बांधीत. सकाळी जाग येई ती त्यांच्या आरीच्या टकटकीने. तिच्यामागून भिजत घातलेल्या कातड्याचा वास येई, आणि त्या दोहोंच्या पाठोपाठ आईच्या भाकरी थापण्याचा आवाज. ओट्यामागे माजघर, त्यातच एका अंगाला चूल आणि दुसऱ्या अंगाला देव. माजघरातून पुढे गेले की परस, आणि परसाच्या टोकाला पायखाना. आम्ही पुरुष पहाटे बिंदुसरेच्या काठी जात असू; पायखाना होता तो बायकांसाठी. दोन दगडांखाली लोखंडी डबा असे आणि मागच्या भिंतीत एक ठेंगणी खिडकी, जी बोळात उघडे. चंदाबाई मेहतरीण रोज सकाळी बोळातून येई, त्या खिडकीतून डबा ओढून काढी, राख टाकी आणि निघून जाई. आमच्या घरातल्या कोणी तिचे तोंड क्वचितच पाहिले असेल. तिची ओळख म्हणजे डबा घासटल्याचा आवाज आणि एक खोकला. एवढ्याशा आवाजावर घर किती विसंबून असते, हे तो आवाज बंद पडल्यावर कळते.

त्या साली वहिनीचे दिवस भरत आले होते. वहिनी शिरूर कासाराकडची. तिची आई लहानपणीच वारली होती, त्यामुळे पहिले बाळंतपण माहेरी करण्याचा प्रश्नच नव्हता. दादा मोमिनाबादेच्या छावणीत खोगिरे दुरुस्त करायला गेला होता. वहिनी हसऱ्या स्वभावाची. पाय सुजले होते तरी भिंतीला धरून घरभर हिंडे आणि माझी थट्टा करी. मी तेव्हा उस्तादांच्या हाताखाली नुकताच बसू लागलो होतो. रोज घरी येऊन तिला नवे शब्द ऐकवीत असे.

"वहिनी, आज मी 'दस्तअंदाजी' लिहायला शिकलो."

"असं का. मंग त्येनं तवा तापतो का भावजी?"

आई येसराची आमटी करी. भाजलेल्या डाळींच्या त्या मसाल्याचा वास परसापर्यंत जाई, आणि वहिनी दोन-दोन वाट्या ओरपून पुन्हा मागे. हे मुद्दाम नमूद करतो, कारण पुढे याचाच संबंध येणार आहे.

महादेवप्पांनी म्हैस घेतली आणि तिला बांधायला त्यांना जागा हवी झाली. बोळाच्या तोंडाशी त्यांनी एका दिवसात मातीची भिंत घातली आणि बोळाचा गोठा केला. चंदाबाई दुसऱ्या दिवशी आली, भिंत पाहिली आणि परत गेली. वडील विचारायला गेले तेव्हा मी सोबत होतो. महादेवप्पा जपाला बसले होते, जप संपवून त्यांनी आम्हाला पाट दिला, गूळ-पाणी दिले आणि मग अत्यंत सौम्यपणे सांगितले, "मारुतीराव, बोळ आमच्या आज्याच्या वाटणीत हाय. इतके दिस तुमची मेहतरीण जात होती, आमी कदी न्हाई म्हनलं का? आता जनावराची सोय करावी लागली. तुमी तुमचं बगा."

"आमी काय बगावं आप्पा? मेहतरीण काय वरून उडून येईल का?"

"पुढल्या दारानं आना."

पुढल्या दाराने मेहतरीण आणायची म्हणजे ओटा, चूल आणि देव या तिन्हींवरून आणायची. आजच्या मुलांना यात अडचण काय हे समजावून सांगावे लागते; त्या वेळी ते कोणाला विचारावेही लागत नसे. सोनाआत्या, वडिलांची थोरली बहीण, घरचे देव पाही. घरात तिचा शब्द चाले. ती म्हणाली, "माज्या चुलीवरून त्या डब्याचं येनंजानं न्हाई चालायचं. वास आला तर नाकाला पदर लावा." झाले. डबा भरला, भरून वाहू लागला आणि दगडांच्या फटींतून परसात उतरू लागला. आई चुलीतली राख नेऊन वरून टाकी, आत्या लिंबाचा पाला जाळी, आणि वडील ओट्यावर आरी पूर्वीपेक्षा जोराने मारू लागले. बाळंतिणीसाठी सारवून ठेवलेली खोली परसालाच लागून होती, आणि ओघळाचा कल तिच्याच उंबऱ्याकडे होता.

अशा प्रसंगी घरात एक लिहिणारा असताना हात बांधून बसणे मला योग्य वाटले नाही. उस्तादांकडे रस्ता अडविल्याच्या अर्जाचा एक ठराविक मसुदा होता, ज्यावर कित्येक लोकांना न्याय मिळाला होता. तो समोर ठेवून मी अर्ज लिहिला. लिहिताना वहिनी जात्यापाशी बसून ऐकत होती. "सामनेवाल्याच्या या कृत्यामुळे अर्जदाराच्या घरातील पर्दानशीन स्त्रियांस जी अवर्णनीय तकलीफ होत आहे," असे वाक्य मी वाचून दाखविले. ती म्हणाली, "भावजी, अवर्णनीय कावून? वर्णन करा की. मी सांगते, तुमी लिवा." मी तिला समजावले की अर्जात असे लिहीत नाहीत. शेवटी मसुद्यात होते तेच कलम मी उतरविले : समक्ष पाहणी व्हावी, आणि पाहणी होईपर्यंत सदर जागेत कोणीही कसलाही फेरबदल करू नये असा हुकूम व्हावा. या कलमावाचून अर्ज लंगडा पडतो. ते नसेल तर सामनेवाला रातोरात भिंत आणखी उंच करतो आणि अर्जदार पाहत राहतो. ते कलम मी आजही घालतो.

हुकूम अपेक्षेपेक्षा लवकर झाला. चपराशी स्वतः घरी आला. माझा पहिला अर्ज, पहिला हुकूम. मी त्याला ओट्यावर गादी घातली. त्याने उर्दूतला कागद वाचला आणि त्याचा अर्थ सांगितला, की पाहणी होईपर्यंत मौका, म्हणजे तक्रारीची जागा, आहे तशीच राहील, आणि जो कोणी हात लावील तो गुन्हेगार समजला जाईल. मग त्याने खळीचे मडके काढले आणि मौका कोठे आहे असे विचारले. वडिलांनी त्याला परसात नेले. भिंती ओलावल्या होत्या, कागद त्यांवर टिकेना. पायखान्याच्या कवाडाची फळी आणि तिची चौकट तेवढी कोरडी होती. चपराशाने निम्मा कागद फळीवर आणि निम्मा चौकटीवर असा तो आडवा डकवला, तळहाताने दाबून घट्ट बसविला, आणि आत्याने दिलेले ताक पिऊन तो गेला.

आई परसात उभी होती. तिने कागदाकडे पाहिले, कवाडाकडे पाहिले, आणि मला विचारले, "रंग्या, आता हे कवाड उघडायचं कसं?"

"उघडायचं नाही. उघडलं तर कागद फाटेल."

"आन मंग आमी जायचं कुटं?"

"पाहणी होईपर्यंतच आहे, आई."

"पाहनी कदी हाय?"

ते हुकुमात लिहिलेले नव्हते. वडिलांनी तिथल्या तिथे विषय संपविला. "हुकूम म्हंजे हुकूम. सरकारच्या घोड्यांवर पोट हाय आपलं." पोलिसांची खोगिरे काढून घेतली असती तर आमच्या घरात चूल पेटली नसती, तेव्हा त्यांचे म्हणणे गैर होते असे मी म्हणत नाही. दुसऱ्या दिवसापासून आई आणि आत्या उजाडण्यापूर्वी लोटे घेऊन नाल्याकडे जाऊ लागल्या. वहिनी एक दिवस त्यांच्याबरोबर गेली. परतताना तिला वाटेत तीनदा बसावे लागले, असे आई म्हणाली. त्यानंतर ती गेली नाही. "मला न्हाई लागत," असे ती हसून सांगे, आणि आम्ही ते ऐकून घेतले. घरातले पुरुष अशा गोष्टी विचारीत नसत. ताटे वाढली जात, तिचे ताट रिकामे होऊन येई, आणि येसराच्या आमटीची वाटीही.

उलगडा महादेवप्पांच्या घरून झाला. त्यांची बायको पार्वतीकाकू एके सकाळी पुढल्या दाराने आल्या. दोन्ही घरांत बोलणे बंद होते, म्हणून त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या, आणि आईला उद्देशून, पण भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "तुमच्या सुनंला सांगा, आमच्या म्हशीला भाकरी घालू नका. जनावराचं पोट बिघडतंय."

"कोन घालतंय भाकरी?" आई म्हणाली.

"परसाच्या भितीतल्या झरोक्यातून रोज गोठ्यात टाकती की. दोनी टायमाला. वर आमटी वतती तिच्या तोंडावर. परवा म्हशीच्या शिंगाला मिरची लागलेली." मग मात्र त्यांनी आईकडे पाहिले. "राधाबाई, पोर उपाशी हाय तुमची. मी दोन लेकरांची माय हाय, मला समजतं. पानीबी पीत न्हाई ती. व्हट बगा तिचे."

आई आत गेली. वहिनी नेहमीसारखी जात्याला टेकून बसली होती. आईने तिचा चेहरा उजेडाकडे वळविला. ओठांना सालपटे धरली होती. वहिनीने हसण्याचा प्रयत्न केला आणि ते जमले नाही. "खाल्लं की जायला लागतं," एवढेच ती आईला बोलली. सोनाआत्या देवापुढे वाती वळीत होती. तिचे हात थांबले. माझ्यापुरते सांगायचे तर मी त्या क्षणी कचेरीत स्मरणपत्र टाकण्याचा विचार केला, आणि तसे बोलूनही दाखविले. आई म्हणाली, "गप बस बे," आणि पायांत चपला सरकवून बाहेर पडली. आईने मला 'बे' म्हटल्याचा हा एकच प्रसंग.

ती चंदाबाईला घेऊन आली. चंदाबाई ओट्याखाली उभी राहिली; उंच, काटक बाई, डोक्याला घट्ट बांधलेला पदर आणि हातात रिकामी टोपली. मी तिला पहिल्यांदाच समोरून पाहत होतो. तिने वडिलांना रामराम केला आणि आईलाच उद्देशून बोलली.

"येते मी. पुढल्या दारानं म्हनता तर पुढल्या दारानं येते. पन बाई, माज्या मागं पानी शिंपायचं न्हाई."

आत्या आतून म्हणाली, "शेणपानी तर टाकावंच लागतंय. रीतच हाय ती."

"रीत असंल माय. पन एका खेपंत होतंय का हे काम? मी भरली टोपली घेऊन गेले की तुमी मागून शेणपानी टाकनार, आन मला परत त्याच्यावरूनच यायचंय. मागल्या साली एका घरी अशीच घसरले. डोईवरचं समदं अंगावर आन त्यांच्या तुळशीवर. वरून शिव्याबी मलाच. पाय कोरडा ऱ्हाऊ द्या, मी काम कोरडं करून देते. न्हाई तर मला बी दुसरी घरं हायेत."

आत्याने देवावर वस्त्र झाकले, चुलीतली लाकडे मागे ओढली आणि जपाची माळ घेऊन ती बाहेर आली. "मी खंडोबाला जाते. परत येईस्तवर काय व्हायचं ते व्हऊ द्या. मी बगितलं न्हाई म्हंजे माज्या चुलीवरून कोनी गेलं न्हाई." चंदाबाईला वाट देण्यासाठी ती अंग चोरून बाजूला झाली, मग थांबली आणि म्हणाली, "उंबरा उंच हाय. जपून." आत्याच्या तोंडून यापेक्षा मायेचे कोणी कधी ऐकले नव्हते.

राहिला हुकूम. चंदाबाईने परसात जाऊन तो पाहिला आणि ती दोन पावले मागे सरली. सरकारी कागदाला ती हात लावणार नव्हती. आईने माझ्याकडे पाहिले, आणि मी स्पष्ट सांगितले की हुकूम फाडणे हा गुन्हा आहे आणि तो मी करणार नाही. हे माझे म्हणणे कायद्याने बिनचूक होते. तेव्हा वडील ओट्यावरून उठले. त्यांनी पुठ्ठ्याच्या कामाची हाडाची पट्टी घेतली, एक फडके कोमट पाण्यात भिजवून पिळले, आणि परसात आले. आयुष्यभर त्यांनी हेच केले होते. जुन्या वह्यांची पाने न फाटता पुठ्ठ्यापासून सोडवायची. फडके त्यांनी कागदाच्या चौकटीकडच्या अर्ध्या भागावर ठेवले आणि तळहात वर धरून उभे राहिले, जसे तापलेल्या लेकराच्या कपाळावर धरावे. खळ सुटायला वेळ लागतो. त्या वेळात ते बारीक आवाजात एकच वाक्य म्हणत होते, "फाडत न्हाई, सोडवतोय." आईला सांगत होते की कचेरीला, हे मला उमगले नाही. मग त्यांनी पट्टी हळूच आत सारली, आणि हुकुमाचा अर्धा भाग पानासारखा उलटून फळीवर आला. शिक्का शाबूत, अक्षर शाबूत. कवाड उघडले.

आत काय होते त्याचे वर्णन मी करीत नाही. चंदाबाईने ते काम दुपारपर्यंत पुरे केले. ती माजघरातून किती वेळा गेली हे कोणी मोजले नाही. आई चुलीपाशी उभी राहून प्रत्येक खेपेला नुसते "सावकाश" म्हणे. शेवटी वडिलांनीच विहिरीवरून घागरी आणल्या, चंदाबाईने दगड धुतले, ओघळाला उतार देऊन तो खोलीपासून वळवला, आणि आत राखेचा थर दिला. निघताना तिने वहिनीच्या खोलीकडे मान वळवून सांगितले, "जा पोरी. आता खा आन जा." आई तिला पाणी द्यायला गेली आणि वरून ओतण्यासाठी तिने तांब्या उचलला. मग तिने तो तसाच खाली ओट्यावर ठेवला. चंदाबाईने तांब्याकडे पाहिले, आईकडे पाहिले, आणि तो उचलून प्याली. त्या तांब्याचे पुढे काय झाले हे आत्याला कोणी सांगितले नाही, तिनेही विचारले नाही.

त्या दिवशी वहिनी जेवली. भाकरी आमटीत कुस्करून, बोटे चाटून, एकेका घासाला थांबून. आम्ही सगळे तिच्याकडे पाहत बसलो होतो आणि तिला लाज वाटत होती. "असं कावून बगायलेत समदे? म्हैस जेवती का इथं?" ती म्हणाली. पुढे त्याच आठवड्यात ती मोकळी झाली. मुलगी झाली. बारीक होती, पण तिचे रडणे महादेवप्पांच्या घरापर्यंत गेले, कारण दुसऱ्या दिवसापासून पार्वतीकाकू बाळंतिणीसाठी त्याच म्हशीचे दूध पाठवू लागल्या. भिंत मात्र महादेवप्पांनी पाडली नाही. चंदाबाई पुढल्या दारानेच येऊ लागली. आत्या त्या वेळेला देवळात जाई.

पाहणी झाली ती उन्हाळ्यात, खूप उशिरा. वडिलांनी तोपर्यंत रोज खळ तयार ठेवली होती, कोणी आले तर कागदाचा सुटलेला अर्धा भाग पुन्हा चौकटीवर बसविता यावा म्हणून. पण साहेब वर्दी न देता आले आणि सरळ परसात गेले. कागद फळीवर, कवाड उघडे, पायखाना स्वच्छ, दगड कोरडे. त्यांनी नाकाला लावायला काढलेला रुमाल परत खिशात ठेवला, आणि बोळाची भिंत पाहायला ते गेलेच नाहीत. निकालात लिहिले गेले की मौक्यावर अर्जात नमूद केल्याप्रमाणे काहीही आढळले नाही, सबब तक्रार खोटी समजून दप्तरदाखल करण्यात यावी. वडील सुटकेचा श्वास सोडून ओट्यावर गेले. माझ्या नावावरची पहिलीच तक्रार खोटी ठरली, आणि त्यानंतर कितीतरी दिवस उस्ताद गिऱ्हाईकांना हसत सांगत, की या पोराच्या घरी सगळे साफ आहे.

मी या धंद्यात केस पांढरे केले. खोट्या तक्रारी कशा असतात हे मला चांगले ठाऊक आहे. पुष्कळ मीच लिहिल्या आहेत. ही खोटी नव्हती. कागदात एक उणीव राहिली ती एवढीच, की 'अवर्णनीय' म्हणून जे सोडून दिले त्याचे वर्णन त्यात आले नाही. ते वर मी यथाशक्ती दिले आहे, आणि या वेळी वहिनीला समोर बसवून, तिच्या सांगण्यावरून दिले आहे. दोन ठिकाणी तिने माझे वाक्य खोडायला लावले.

सबब विनंती की, जुने दप्तर काढून त्या निकालातील 'खोटी' हा शब्द रद्द व्हावा. भिंत पाडून मागत नाही, बोळ मागत नाही, सामनेवाल्याच्या वारसांविरुद्ध काहीएक मागणे नाही. फक्त अशी नोंद व्हावी की सदर काळी मौका भरून वाहत होता, त्यावर सरकारचा हुकूम होता, आणि त्यामुळे घरातील एक गरोदर स्त्री आपले अन्न जनावराला घालीत होती. काय ठरेल त्याचा लेखी जबाब लवकर मिळावा. साक्षीदारांपैकी एकटी वहिनी उरली आहे. तिला वाचता येत नाही; जबाब आला की मी तिला वाचून दाखवीन.